मुलाची नोंद आणि नोंदीची वाट

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी व्याख्यान)

प्राथमिक शाळेच्या कपाटातील दप्तरांत पहिला मान दाखल-खारिज रजिस्टराचा आहे. बहुतेक शाळांत त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. हजेरीपत्रक दरवर्षी नवे होते, टाचणवह्या रद्दीत जातात; परंतु हे रजिस्टर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आजोबांच्या नावाचा दाखला नातवाला त्यातूनच मिळतो. या रजिस्टराचे सामर्थ्य अगदी साध्या गोष्टीत आहे. एका मुलासाठी एक ओळ, त्या ओळीला एक क्रमांक, आणि त्या ओळीखाली जबाबदारीची एक सही. मूल केव्हा आले, कोणत्या इयत्तेत बसले, केव्हा व कोणत्या कारणाने गेले, हे सारे त्या एका ओळीत सापडते.

आज मात्र त्याच मुलाची नोंद अनेक ठिकाणी होते आणि त्या नोंदी एकमेकींशी जोडण्याचे मोठे काम शासनाने हाती घेतलेले आहे. संगणकशास्त्रात अशा नोंदसंग्रहाला डेटाबेस म्हणतात, अनेक डेटाबेस एकत्र सांधण्याला डेटाबेसचे एकत्रीकरण म्हणतात, आणि एकत्रीकरणापूर्वी कामाची वाट कागदावर आखून घेण्याच्या पद्धतीला बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग असे नाव आहे. नावे जड असली तरी विषय खेड्यातील शिक्षकाच्या रोजच्या व्यवहाराचा आहे. नोंद जुळली नाही तर मूल एकतर दोनदा मोजले जाते किंवा कोठेच मोजले जात नाही. या दुसऱ्या प्रकारात मुलाचे नुकसान फार मोठे असते. म्हणून प्रस्तुत विषयाचा विचार त्या मुलाच्या बाजूने करणे उचित होईल.

झाईची सीमा

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील उत्तरेकडचे अखेरचे गाव. त्याच्या पलीकडे गुजरात राज्याच्या वलसाड जिल्ह्यातील उंबरगाव तालुका लागतो. १ मे १९६० पूर्वी ही राज्यसीमा अस्तित्वातच नव्हती. उंबरगाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. नकाशावर रेघा पडल्या. पण माणसांची येरझार पूर्वीसारखीच राहिली. सोयरिक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे आणि रोजगारही दोन्हीकडे. उंबरगाव, सरीगाम व वापी येथील कारखान्यांत डहाणू-तलासरीची माणसे कामाला जातात. मासेमारीचा हंगाम उघडला की या भागातील तरुण खलाशी म्हणून सौराष्ट्राच्या बंदरांपर्यंत पोहोचतात. भाताची कापणी आणि दिवाळी आटोपली की कित्येक आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळा तोंडावर आला म्हणजे परततात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिक्षकांची पदे ठरविण्यासाठी, म्हणजे संच मान्यतेसाठी, ३० सप्टेंबरचा पट धरण्याची वहिवाट आहे. स्थलांतर सुरू होते दिवाळीनंतर. अर्थात ज्या दिवशी मुलांची मोजदाद होते त्या दिवशी मूल गावात असते, आणि ज्या महिन्यांत त्याच्याकडे लक्ष देण्याची सर्वाधिक गरज असते त्या महिन्यांत ते मोजणीच्या नजरेबाहेर असते. कागदावरचा पट खोटा नसतो; तो फक्त एका दिवसाचा असतो.

नोंदी वाढल्या त्या कशा

झाईसारख्या गावात जन्मलेल्या मुलीची पहिली नोंद ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत होते. दुसरी अंगणवाडीत, जेथे २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाची संगणकीय नोंद ठेवली जाते. तिसरी आधारची. पहिलीत आली म्हणजे दाखल-खारिज रजिस्टर, सरल आणि यू-डायस प्लस या तीन ठिकाणी तिचे नाव चढते. पोषण आहाराची दैनंदिन संख्या वेगळी, आरोग्य तपासणीचे पत्रक वेगळे, शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते वेगळे. तीच मुलगी आश्रमशाळेत गेली तर आदिवासी विकास विभागाचे दप्तर आणखी निराळे.

या नोंदी कोणी उगाच वाढविल्या नाहीत. प्रत्येकीमागे काही गरज होती. १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी डायस ही पद्धत सुरू झाली. २०१२-१३ पासून माध्यमिक शाळांची माहितीही तीत मिसळून यू-डायस झाले, आणि २०१८-१९ पासून यू-डायस प्लस. या पद्धतीत प्रारंभी शाळेची माहिती व मुलांची संख्या तेवढी भरली जात असे. मूल कोण, हे तीत दिसत नसे. संख्या फुगवता येते, हे ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर झालेल्या पटपडताळणीने उघड केले. त्यानंतर २०१५ साली महाराष्ट्राने सरल ही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवणारी पद्धत आणली, आणि २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्येही देशभर मुलागणिक नोंद होऊ लागली.

असे अनेक संग्रह तयार झाले, पण त्यांचा सांधा मात्र शिक्षकाच्या बोटांवर राहिला. एकच जन्मतारीख पाच ठिकाणी भरावयाची, आणि पाचांपैकी एका ठिकाणी चूक झाली तर सहाव्या ठिकाणाहून विचारणा यावयाची, हा अनुभव कोणाला नवा नाही. एकत्रीकरणाची खरी निकड येथूनच निर्माण झाली.

जुळवणीची किल्ली

एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली नोंदी तक्त्यांच्या रूपाने ठेवण्याचा सिद्धांत मांडला. आजचे बहुतेक नोंदसंग्रह त्याच पायावर उभे आहेत. त्यातील एक तत्त्व शिक्षकाला पूर्वीपासून परिचित आहे: प्रत्येक ओळीला असा एक क्रमांक असावा की जो दुसऱ्या कोणत्याही ओळीला नसेल. त्याला किल्ली म्हणावे. जनरल रजिस्टरचा क्रमांक ही अशीच किल्ली होय. परंतु ती एकाच शाळेचे कुलूप उघडते. झाईच्या शाळेतील ४१२ क्रमांक आणि पलीकडील शाळेतील ४१२ क्रमांक यांचा परस्परांशी काहीच संबंध नाही.

दोन संग्रह जोडावयाचे तर दोन्हीकडे चालणारी किल्ली हवी. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, मिळतो तो याचसाठी. पेन ११ अंकी असतो. शाळेचा यू-डायस क्रमांकही ११ अंकीच असतो, तेव्हा घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जाणार नाही, अशी दक्षता घ्यावी. शाळेच्या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पेन मात्र मुलाबरोबर सीमा ओलांडून जातो. म्हणूनच मुलाच्या हाती, पालकाच्या हाती आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो ठळकपणे लिहिलेला असणे अत्यंत अगत्याचे आहे.

पेन हाताशी नसेल तेव्हा नाव आणि जन्मतारीख यांवरून जुळवणी करण्याचा मोह होतो. त्यातील धोके समजून घ्यावेत. महाराष्ट्रात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम रूढ आहे. गुजरातेत पुष्कळदा आडनाव आधी लिहितात. मराठीतील ‘सुनीता’ हे नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. गुजराती लिपीतून ते पुन्हा मराठीत आले म्हणजे ऱ्हस्वदीर्घ बदललेले असते. माणसाला ती एकच मुलगी वाटते, यंत्राला मात्र तीन मुली दिसतात.

जन्मतारखेचीही तीच कथा. ज्या मुलांची जन्मनोंद झालेली नव्हती त्यांची तारीख १ जून लिहिण्याची जुनी पद्धत सर्वांना ठाऊक आहे. ज्या पटावर अनेक मुलांची तारीख १ जून आहे, तेथे त्या तारखेने कोणाची ओळख पटावी? जुळ्या भावंडांचे उदाहरण याहून बोलके आहे. वडील तेच, आडनाव तेच, तारीख तीच, आणि हौसेने ठेवलेली नावेही एका अक्षराच्या फरकाची. यंत्राने ती दोन मुले एकच समजून एक ओळ पुसली तर काय होईल?

येथे जुळवणीचा एक मोलाचा नियम सांगितला पाहिजे. एका मुलाच्या दोन ओळी राहिल्या तर ती चूक आज ना उद्या दिसते; कारण जास्तीची ओळ कोठेतरी खटकतेच. परंतु दोन मुलांची मिळून एक ओळ झाली तर ती चूक दिसत नाही. कारण जे मूल पुसले गेले त्याच्या वतीने बोलणारी ओळच उरलेली नसते. म्हणून जुळवणीचे दोन नव्हे, तीन ढीग करावेत: निश्चित जुळलेले, निश्चित न जुळलेले, आणि संशयित. तिसऱ्या ढिगाचा निर्णय यंत्राकडे कदापि सोपवू नये. तो मुलाला चेहऱ्याने ओळखणाऱ्या शिक्षकानेच द्यावा.

कामाची वाट आखणे

किल्ली मिळाली म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथे अर्धे कामही झालेले नसते. नोंद ही कामाची सावली आहे. काम कसे चालते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, आणि कोठे अडते, हे ठाऊक नसताना नुसत्या नोंदी जोडल्या तर अडचणही तितक्याच वेगाने इकडून तिकडे जाते.

काम चित्राने दाखविण्याची कल्पना जुनी आहे. फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे कार्यप्रवाहाचा तक्ता मांडला. १९०९ च्या सुमारासच त्यांनी वीट रचणाऱ्या गवंड्याच्या हालचालींचा अभ्यास करून निष्कारण वाकणे कसे टाळावे हे दाखवून दिले होते. या परंपरेतूनच २००४ साली बी.पी.एम.एन. ही चित्रलिपी तयार झाली. तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. कॅमुंडा, बिझागी इत्यादी संगणकीय साधने ही लिपी वापरतात. पण तिची मूळ चिन्हे खडूने फळ्यावरही काढता येतात.

चिन्हे अशी. वर्तुळ म्हणजे घटना: काम जेथे सुरू होते किंवा संपते. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे करावयाचे काम. कोनावर उभा केलेला चौकोन, म्हणजे पतंगाचा आकार, हा प्रश्न होय. त्यातून ‘होय’ आणि ‘नाही’ अशा वाटा फुटतात. घड्याळ असलेले वर्तुळ म्हणजे मुदत. आडवे पट्टे म्हणजे काम करणारी माणसे. ज्याचे काम त्याच्या पट्ट्यात. आणि एका संस्थेचे सर्व पट्टे एका मोठ्या चौकटीत.

या लिपीतील एक नियम झाईच्या शिक्षकाला विशेष जवळचा वाटेल. चौकटीच्या आत कामाचा बाण अखंड रेघेचा असतो. तो चौकट ओलांडून दुसऱ्या संस्थेत जाऊ शकत नाही. दुसऱ्या चौकटीकडे जातो तो तुटक रेघेचा बाण, म्हणजे निरोप. कारण उघड आहे. आपल्या कार्यालयात आदेश चालतो. दुसऱ्याच्या कार्यालयात फक्त निरोप पाठविता येतो. पालघर जिल्हा परिषदेचा आदेश उंबरगावच्या शाळेवर चालत नाही, तद्वतच वलसाडचा आदेश झाईवर चालत नाही. दोन राज्यांमध्ये मुलाची वाट तुटक रेघेची आहे. तुटक रेघेचा निरोप पोहोचला की नाही, उत्तर आले की नाही, आणि न आल्यास कोणत्या दिवशी कोणी पुन्हा विचारावे, हे चित्रात लिहावेच लागते.

एका मुलीची वाट

समजा, झाईच्या शाळेत तिसरीत शिकणारी एक मुलगी आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील सीमेपलीकडील भट्टीवर जाणार आहेत. फळ्यावर पाच पट्टे आखावेत: पालक, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि, वेगळ्या चौकटीत, पलीकडील शाळा.

पहिली घटना पालकांच्या पट्ट्यात आहे: कुटुंबाचे जाणे ठरले. लगेच पहिला प्रश्न येतो. शाळेला कळविले काय? ‘होय’ची वाट सोपी आहे. वर्गशिक्षक कोठे जाणार, कोणाबरोबर, किती काळ, हे विचारून नोंद करतो. ‘नाही’ची वाट मात्र पुष्कळ ठिकाणी रिकामीच असते. मुलगी पहाटे ट्रकमध्ये बसून निघून जाते आणि हजेरीपत्रकात गैरहजेरीची खूण उमटत राहते. तेथे घड्याळाचे वर्तुळ काढावे. उदाहरणार्थ, सलग तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने पाड्यावर चौकशी करावी आणि शेजाऱ्यांकडून ठिकाण समजून घ्यावे. दिवसांची संख्या शाळेने आपल्या परिस्थितीनुसार ठरवावी. पण ती ठरलेली असावी.

दुसरा प्रश्न मुख्याध्यापकांचा. जाणे हंगामापुरते की कायमचे? हंगामापुरते असेल तर शिक्षण हमी कार्ड देऊन मुलीला पाठवावे. तिची मूळ नोंद झाईत राहील आणि पलीकडील शाळा त्या कार्डावर तिची हजेरी व प्रगती लिहील. जाणे कायमचे असेल तर दाखला द्यावा आणि संगणकातील नोंद मोकळी करावी. यू-डायस प्लसमध्ये अशी मोकळी केलेली नोंद ड्रॉप बॉक्समध्ये जाते, आणि नवी शाळा पेन व जन्मतारीख देऊन ती आपल्याकडे घेते.

तिसरा प्रश्न या संपूर्ण चित्राचे मर्म आहे. मुलगी पलीकडील शाळेत पोहोचली काय? ‘होय’ असेल तर नोंद उचलली जाते आणि काम पूर्ण होते. ‘नाही’ असेल तर? नोंद ड्रॉप बॉक्समध्ये पडून राहते. झाईच्या दृष्टीने मुलगी गेली, पलीकडच्या दृष्टीने ती आलीच नाही. दोन्ही शाळांचे दप्तर निर्दोष असते, दोन्ही मुख्याध्यापकांनी आपापले काम चोख केलेले असते, आणि मुलगी भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळीत बसलेली असते. चित्रात या ‘नाही’च्या टोकाला कोणाचे नाव लिहिले आहे, हे पाहावे. तेथे कोणाचेच नाव नसेल तर संगणक कितीही वेगवान असला तरी ते एकत्रीकरण अपुरे होय.

केंद्रप्रमुखांचा पट्टा याच ठिकाणी उपयोगी पडतो. गुजरातेतही केंद्रपातळीवर सी.आर.सी. समन्वयक असतात. झाईच्या केंद्रप्रमुखांनी पलीकडील समन्वयकांशी ठरावीक दिवशी बोलून ‘गेले पण पोहोचले नाहीत’ अशा मुलांची यादी जुळवावी, एवढी एक पायरी चित्रात घातली तर तुटक रेघेला उत्तराचा बाण मिळतो. अशी यादी झाईकडून जशी जावी, तशीच पलीकडून झाईकडेही यावी. कारण गुजरातेतून महाराष्ट्रात येणारी मुलेही आहेत.

चौथा प्रश्न परतीचा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. मुलगी पावसाळ्यापूर्वी परत आली काय, आणि आली तर मधल्या महिन्यांत ती काय शिकली? तेथे गुजराती माध्यमात चार अक्षरे ओळखू लागली असेल तर ती प्रगतीच होय. कार्डावर तेवढे लिहिलेले असेल तर शिक्षक तेथून पुढे जाऊ शकतो. लिहिलेले नसेल तर मुलीला पुन्हा पहिल्या पाठावर बसविले जाते.

कामाचा क्रम

एकत्रीकरणाचा प्रकल्प राज्याचा असो की एका केंद्राचा, त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. आज काम जसे चालते तसे आखावे. परिपत्रकात कसे लिहिले आहे ते नंतर पाहावे. ज्यांच्या हातून काम होते त्यांना फळ्यापाशी बोलवावे. वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका आणि एखादा पालक यांच्यावाचून हे चित्र खरे उतरणार नाही.

२. प्रत्येक माहितीचा एक धनी ठरवावा. जन्मतारखेचा धनी जन्मनोंदणी कार्यालय, हजेरीचा धनी वर्गशिक्षक, इयत्तेचा धनी मुख्याध्यापक. ज्याची माहिती त्यानेच दुरुस्त करावी. इतरांनी केवळ उतरून घ्यावी. पाच जणांनी पाच ठिकाणी दुरुस्त्या केल्या तर पाच तारखा होतात.

३. शब्दांचा अर्थ एक करावा. एका दप्तरातील ‘गैरहजर’, दुसऱ्यातील ‘शाळाबाह्य’ आणि तिसऱ्यातील ‘स्थलांतरित’ हे एकाच मुलाविषयी असू शकतात. ते जुळविण्याचा कोश आधी हवा.

४. किल्ली तपासावी. पेन नसलेली, दोन पेन मिळालेली आणि आधारशी न जुळणारी मुले वेगळी काढून प्रत्येकाचे कारण लिहावे.

५. थोड्या मुलांवर प्रयोग करावा. एका केंद्रातील दहा स्थलांतरित मुलांची वाट दिवाळीपासून जूनपर्यंत प्रत्यक्ष पाहावी. चित्र आणि वास्तव यांत जेथे अंतर दिसेल तेथे चित्र बदलावे.

६. सर्वांत शेवटी संग्रह जोडावेत, आणि जोडल्यावर जुने रजिस्टर बंद करू नये. वीज व जाळे यांचा भरवसा नसलेल्या गावात कागदावरील ओळ हाच अखेरचा साक्षीदार असतो.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पोर्टल आणि मग विचार, तर भार शिक्षकावर येतो. अध्यापनाचा वेळ माहिती भरण्यात जातो, ही तक्रार रास्त आहे. एकत्रीकरणाच्या यशाची एक साधी कसोटी त्यामुळे सांगता येईल: प्रकल्पानंतर शिक्षकाला तीच माहिती पूर्वीपेक्षा कमी वेळा भरावी लागते काय? लागत नसेल तर काहीच जोडले गेलेले नाही.

कायद्याची मर्यादा

नोंद ही मुलाच्या प्रवेशाच्या आड येऊ नये, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या मोफत व सक्तीच्या बालशिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९ ने आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवण्याचे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात, आधार क्रमांक सादर करता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवू नये, असे सांगितले आहे.

याचा अर्थ चित्रात असा उमटतो: ‘आधार जुळले काय?’ या प्रश्नाच्या ‘नाही’ या वाटेवर ‘प्रवेश नाही’ किंवा ‘आहार नाही’ असे कधीही लिहिता येणार नाही. तेथे ‘प्रवेश द्यावा, दुरुस्ती पुढे करावी’ एवढेच लिहावे. तसेच मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा व पालकांचे दूरध्वनी क्रमांक यांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकण्याची सवय सोडावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीविषयी विशेष काळजी सांगितलेली आहे. जोडलेली माहिती जितकी उपयोगाची, तितकीच ती सांडली तर घातकही ठरते.

याच परिसराचा वारसा

झाईपासून दक्षिणेस किनाऱ्यानेच गेले की बोर्डी लागते. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्या दोघींनी मुले का येत नाहीत याचा शोध घेतला. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत यावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव पडले. संगणकाचे नावही खेड्यात कोणी ऐकलेले नव्हते अशा काळात हे एकत्रीकरण झाले. त्यांनी प्रथम मुलाच्या दिवसाची वाट पाहिली, ती कोठे अडते ते शोधले, आणि मग व्यवस्था त्या वाटेवर आणून ठेवली. आजच्या चित्रलिपीचे सारे शास्त्र याहून निराळे काही सांगत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, पोर्टलची रचना मुंबई-पुण्यात किंवा दिल्लीत ठरते, तीत खेड्यातील शिक्षकाचे काय चालते, असे कोणी म्हणेल. परंतु संगणकाला ‘होय’ आणि ‘नाही’ या दोनच वाटा ठाऊक असतात, आणि ‘नाही’च्या वाटेवर उभे असलेले मूल तेथून दिसत नाही. ते दिसते फक्त शाळेच्या ओट्यावरून. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक शाळेने एका बैठकीत फळ्यावर पट्टे आखावेत, आपल्या गावातून जाणाऱ्या मुलांची वाट काढावी, आणि प्रत्येक ‘नाही’पुढे एका जबाबदार माणसाचे नाव लिहावे. ते चित्र कागदावर उतरवून केंद्रप्रमुखांकडे द्यावे. वरच्या कार्यालयांना एकत्रीकरणासाठी जी माहिती खरोखर हवी आहे, ती त्या कागदावरच मिळेल. आणि तोपर्यंत निदान त्या गावातील एकही मूल नाव माहीत असूनही हरवलेले राहणार नाही.